खोक्यावरील चिठ्ठी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी संतवाङ्मय, मराठी रंगभूमी आणि पानिपत असे भारदस्त विषय निवडले. आम्ही जेव्हा ‘बिऱ्हाड हलविताना सामान कसे बांधावे व खोक्यांवर काय लिहावे’ हा विषय कळविला, तेव्हा आमच्या पत्राचा दुसरा कागद पाकिटात घालावयाचा राहून गेला असावा, अशी कार्यवाहांची समजूत झाली. कागद राहिला नव्हता. विषय एवढाच आहे. तो निवडण्यास एक कारण मात्र आहे. ते आम्ही उत्तरार्धात सांगू; कारण ते सांगण्यास थोडे धैर्य लागते, आणि ते गोळा करण्यास आम्हांस तेवढा अवधी हवा आहे.

‘ज्यांनी आयुष्यात पाचांपेक्षा कमी वेळा बिऱ्हाड हलविले आहे त्यांनी हात वर करावेत,’ असे आम्ही म्हटले, तर या सभागृहात फारसे हात वर होणार नाहीत. आपल्यापैकी कोणी सचिवालयात आले, कोणी सैन्यात, कोणी बँकेत, कोणी वर्तमानपत्रांत. कोणी करोलबागेत एका खोलीत संसार मांडला, मग पाळी आली तशी सरकारी वसाहतीत जागा मिळाली, मग बढतीबरोबर मोठी जागा, मधे एक-दोन बदल्या, आणि शेवटी द्वारकेला, नोएडाला किंवा गाझियाबादेस स्वतःची सदनिका. आपल्या मुलांना ‘तुमचे गाव कोणते?’ असे विचारले तर ती थोडा वेळ गप्प बसतात; पण ‘तुमच्या घरातली लोखंडी पेटी कोणत्या रंगाची?’ असे विचारले तर चटकन उत्तर देतात. घरे बदलली, पेटी तीच राहिली.

ज्या शहरात आपण राहतो त्याचा इतिहास तरी निराळा कोठे आहे? १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीस नेली, तिचे दौलताबाद केले, आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्लीची वाट धरली. दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यामधील हे बहुधा सर्वांत गाजलेले स्थलांतर होय. पुढे १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहाने राजधानी कलकत्त्याहून येथे आणण्याची घोषणा केली. घोषणेस काही क्षण लागले. सामान हलविण्यास मात्र पाव शतक लागले. जनपथावर जे राष्ट्रीय अभिलेखागार आपण येता-जाता पाहतो, त्याची स्थापना कलकत्त्यास ११ मार्च १८९१ रोजी झाली. त्याची येथील इमारत १९२६ साली उभी राहिली, आणि कलकत्त्याचे सगळे दप्तर येथे येऊन पोहोचले ते १९३७ साली. जेव्हा आमच्या घरी नव्या जागेत जाऊन तीन महिने झाले तरी चार खोकी न उघडता पडून राहतात आणि सौभाग्यवती त्याबद्दल आम्हांस बोल लावतात, तेव्हा आम्ही हा दाखला देतो. त्याचा आजवर उपयोग झालेला नाही.

सरकारच्या लेखी संसार ही वजनाने मोजण्याची वस्तू आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ च्या जुलैत जे आदेश निघाले, त्यांनुसार बदलीवर जाणाऱ्या कर्मचाऱ्यास वेतनस्तर सहा व त्यावरील असल्यास ६,००० किलो, पाचवा असल्यास ३,००० किलो आणि चौथा वा त्याखालील असल्यास १,५०० किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. अशी बिले आम्ही नोकरीत बरीच तपासली. प्रत्येक बिलात वजन होते, अंतर होते, दर होता. त्या सामानात काय होते, हे मात्र कोणत्याही बिलात नव्हते. सरकारला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला ठाऊक असावयास हवे.

आता मुख्य विषयाकडे वळतो. बांधाबांधीची जुनी रीत आपल्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. लोखंडी ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, होल्डॉल, आणि गोणपाटात गुंडाळून दाभणाने सुतळीचे टाके घातलेली बोचकी. ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या तेलरंगाने मालकाचे नाव, हुद्दा आणि मुक्कामाचे ठिकाण लिहिलेले असे. बदली झाली की जुने ठिकाण खोडून त्याखाली नवे लिहावयाचे. सामान रेल्वेने जाई आणि त्याची पावती घरातील कर्ता पुरुष देवाच्या अंगाऱ्याइतकी जपून खिशात ठेवी. आता पुठ्ठ्याची खोकी आली, चिकटपट्टी आली आणि बांधून देणारी माणसेही आली. एका दिवसात घर रिकामे होते. पण ट्रंक जे काम स्वतःच करीत असे, ते आता चिठ्ठीला करावे लागते. ट्रंक पाहताच आतले सामान ओळखू येत असे. हिरवीत लोकरीचे कपडे, काळीत भांडी. पुठ्ठ्याची साठ खोकी मात्र एकाच तोंडवळ्याची असतात.

बांधणीचे नियम थोडकेच आहेत, आणि ते आम्ही चुका करून शिकलो आहोत. जड वस्तू लहान खोक्यात व हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात भराव्यात. मराठी माणूस नेमका उलटा वागतो; सर्वांत मोठे खोके पाहून तो त्यात पुस्तके भरतो, कारण पुस्तके एकत्र राहावीत अशी त्याची इच्छा असते. मग ते खोके चौघांना उचलत नाही आणि जिन्यात त्याचा तळ सुटतो. पुस्तकांच्या खोक्याचे वजन पंधरा किलोंच्या वर जाऊ देऊ नये, आणि ती आडवी रचावीत. काचेच्या बश्या मात्र उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. मधे वर्तमानपत्राचे कागद, आणि खाली-वर जुनी चादर. रजया व गोधड्या निराळ्या बांधण्याऐवजी त्यांतच पितळी समया आणि देव्हारा गुंडाळावा. विळीच्या पात्याला आधी जाड कापड बांधावे आणि खोक्यावर तसे लिहावे, कारण ते खोके उघडणाऱ्याचा हात हा आपल्यासारखाच कोणाचा तरी हात असतो.

एक खोके सर्वांत शेवटी भरावे व सर्वांत आधी उतरवावे. आमच्या घरी त्याला ‘पहिल्या रात्रीचे खोके’ म्हणतात. त्यात चहा, साखर, आगपेटी, एक पातेले, चार कप, मेणबत्ती, विजेरी, औषधे, दोन चादरी, स्क्रू-पिळणा आणि देवातला बाळकृष्ण. दिल्लीत याची फारच गरज पडते. येथे मोठ्या मालमोटारींना दिवसाच्या वर्दळीच्या वेळी प्रवेश नसतो. त्यामुळे सामान पुष्कळदा रात्री उतरते. नव्या घरात दिवे लावलेले नसतात, आणि थंडीचे दिवस असले तर धुक्यात समोरचा हमालही दिसत नाही. म्हणून खोक्यावरील अक्षर बोटभर उंचीचे असावे, आणि ते झाकणावर नव्हे तर दोन बाजूंवर लिहावे. खोकी एकावर एक रचली गेली की झाकणावरचा मजकूर कोणासही दिसत नाही.

आता त्या अक्षरांविषयी. आम्ही पहिल्यांदा दिल्लीत बिऱ्हाड हलविले तेव्हा सौभाग्यवतींनी प्रत्येक खोक्यावर सुवाच्य मराठीत सूचना लिहिल्या. लिपी देवनागरी, तेव्हा येथे अडचण येण्याचे कारण नाही, असा आमचा हिशेब होता. काचसामानाच्या खोक्यावर बाण काढून त्यांनी ‘वर’ असे लिहिले होते. हमालांपैकी एकाने ते वाचले आणि मोठ्या आदराने विचारले, ‘साहब, शादी किसकी है?’ त्याच्या भाषेत ‘वर’ म्हणजे नवरदेव. दुसऱ्या खोक्यावर ‘जपून’ असे होते. ते वाचून, हे खोके उचलण्यापूर्वी काही जप करावयाचा आहे काय, असा प्रश्न आला. आम्ही हसलो, तोही हसला, त्या हसण्यात बरणी फुटली. त्यावरून आम्ही एवढे शिकलो की लिपी एक असली म्हणजे वाचणारा एक असतो असे नाही. तेव्हापासून आम्ही शब्दांबरोबर चित्र काढतो. मालवाहतुकीत ज्या खुणा जगभर चालतात त्याच पुरेशा आहेत : नाजूक वस्तूसाठी काचेचा पेला, पाण्यापासून राखावयाचे असल्यास छत्री, आणि वरची बाजू दाखविण्यासाठी दोन उभे बाण. त्यांना कोणतीच भाषा लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी की खोक्यावर सामान कोठून निघाले ते लिहू नये. ते कोठे जावयाचे ते लिहावे. ‘मागची खोली’ हे शब्द जुन्या घरात अर्थपूर्ण असतात; नव्या घरात मागची खोली नसतेच. तिसरी गोष्ट क्रमांकाची. नुसते ‘१७’ असे न लिहिता ‘६४ पैकी १७’ असे लिहावे. म्हणजे ६४ वे खोके आले नाही तर त्याच रात्री कळते, दिवाळीस फराळ करताना चकलीचा सोऱ्या सापडेनासा झाल्यावर नव्हे. क्रमांकांची यादी एका वहीत करावी, तिची एक नक्कल काढावी, आणि ती वही आपल्या हातातील पिशवीत ठेवावी. एके वर्षी आम्ही अशी अत्यंत तपशीलवार वही तयार केली आणि सुरक्षित राहावी म्हणून ४१ क्रमांकाच्या खोक्यात ठेवली. ती ४१ क्रमांकाच्या खोक्यात आहे, ही नोंद अर्थातच त्या वहीत होती.

आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही येथे उभे आहोत. चिठ्ठीवर ‘इतर’, ‘किरकोळ’, ‘वगैरे’ आणि ‘जुने’ हे चार शब्द कधीही लिहू नयेत. लिहिणाऱ्यास ते पुरेसे वाटतात, कारण आत काय आहे ते त्यास ठाऊक असते. पण ज्यास ठाऊक आहे त्यास चिठ्ठीची गरजच नसते. चिठ्ठी ही ज्यास ठाऊक नाही त्याच्यासाठी असते. आज तो हमाल असेल, उद्या आपली सून असेल, आणि परवा, आपण नसताना, कोणी तरी असेल.

ही दृष्टी आपल्या पूर्वजांना होती. पुण्यास पेशवे दप्तर म्हणून जो प्रचंड कागदसंग्रह आहे, तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना तेथील ‘रुमाल’ आठवतील. रुमाल म्हणजे हातरुमाल नव्हे. कागदांचे गठ्ठे बांधून ठेवण्याचे मोठे चौकोनी कापड. असे हजारो रुमाल तेथे रचून ठेवलेले आहेत. त्यांचे विभाग पाडलेले आहेत : रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा अशी त्यांची नावे. रोजकीर्दीत दररोजच्या जमाखर्चाच्या नोंदी सापडावयाच्या, पागेत घोड्यांच्या व स्वारांच्या. १८१८ साली राज्य गेले. लिहिणारे कारकून गेले. मोडी वाचणारेही पुढे विरळ झाले. तथापि १९३० च्या सुमारास रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई त्या कागदांसमोर बसले तेव्हा १९३४ पर्यंत निवडक कागदांचे ४५ खंड त्यांना काढता आले. याचे श्रेय त्यांच्या कष्टांस आहेच. पण ज्या अनाम कारकुनांनी आपापला कागद योग्य त्या रुमालात बांधला, त्यांनाही त्यातील वाटा दिला पाहिजे. शंभर वर्षांनी कोण वाचणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. वाचणाऱ्यास त्यांच्यावाचून काम करावे लागले, आणि करता आले.

याच्या उलट, घरोघरच्या माळ्यांवर पडलेल्या किती तरी दप्तरांची काय गत झाली, हे इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांनी जन्मभर गावोगाव हिंडून पाहिले. कित्येक कागद वाळवीने खाल्ले, कित्येक रद्दीत गेले. ती घरे काही इतिहासाची शत्रू नव्हती. त्या गाठोड्यांत काय आहे, हे सांगणारे कोणी तेथे उरले नव्हते, एवढेच.

बंधुभगिनींनो, आता ते कारण सांगतो.

आपल्या मंडळास अद्याप स्वतःची वास्तू नाही. मंडळाचे दप्तर हे नेहमी त्या त्या वेळच्या कार्यवाहाच्या घरी, बहुधा पलंगाखाली, राहात आलेले आहे. आमच्याकडे जेव्हा कार्यवाहपद आले तेव्हा त्याबरोबर एक लोखंडी पेटी आली. तिच्या झाकणावर संस्थापक कार्यवाहांनी पांढऱ्या तेलरंगाने, छापील वाटावे अशा अक्षरांत लिहिले होते : मंडळाचे नाव, आणि त्याखाली ‘इतिवृत्त, हिशेब, छायाचित्रे. फेकू नये.’ पहिल्या चौदा वर्षांचे कागद त्या पेटीत होते. पेटीचा तळ गंजून गेला होता. कागदांना गंज लागेल म्हणून आम्ही ते काढून एका चांगल्या, मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले आणि पेटी भंगारात दिली. त्या पेटीबरोबर त्या चार ओळीही गेल्या, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. खोक्यावर आम्ही आमच्या हाताने लिहिले : ‘जुने कागद’.

आपणांस स्मरत असेल, २०१६ च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर या त्या वसाहती. सुमारे १३ हजार जुन्या घरांच्या जागी सुमारे साडेपंचवीस हजार नवी घरे बांधण्याची ती योजना होती. त्या घरांत आपल्या पुष्कळ कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या वाढल्या. आपले पहिले गणपती त्याच चौकांतल्या मांडवात बसले. जागा रिकामी करण्याची पाळी आमच्यावर आली ती २०१७ च्या डिसेंबरात. संसदेचे हिवाळी अधिवेशन चालू होते आणि प्रश्नोत्तरांच्या कामामुळे आम्ही रात्री उशिरापर्यंत कचेरीत असू. सौभाग्यवती मातोश्रींच्या आजारपणामुळे नागपुरास गेल्या होत्या. घरी आमचे चिरंजीव एकटेच; ते तेव्हा अकरावीत होते. रद्दीवाल्यास बोलावून जुनी वर्तमानपत्रे देऊन टाकावीत, असे आम्ही त्यांना सकाळी सांगून गेलो. रद्दीची तीन खोकी व्हरांड्यात काढून ठेवली होती. त्यांच्याशेजारी चौथे खोके होते.

रात्री आम्ही परत आलो तेव्हा चिरंजिवांनी पैसे आमच्या हातावर ठेवले आणि सांगितले, ‘बाबा, चार खोकी दिली. एकावर जुने कागद असं तुम्हीच लिहिलं होतं, म्हणून तेही दिलं.’

त्यांनी चिठ्ठी अचूक वाचली होती. दिल्लीत जन्मलेला, हिंदी-इंग्रजीत शिकलेला मुलगा मराठी अक्षर वाचू शकतो, याचा आम्हांस नेहमी अभिमान वाटत आला आहे. त्या रात्री त्याने ते वाचले नसते तर बरे झाले असते, असा विचार मनात येऊन गेला, आणि त्याची आम्हांस आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही रद्दीवाल्याच्या गोदामात गेलो. माल रात्रीच पुढे गेला होता. कोठे गेला, हे त्यास सांगता आले नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात एक वाक्य आहे : ‘मंडळाचे काही जुने दप्तर स्थलांतरात गहाळ झाले.’ ते वाक्य आमचे आहे. तीस वर्षे सरकारी मसुदे लिहिणाऱ्यास असे वाक्य लिहिण्यास एक मिनिटही लागत नाही. त्यात कर्ता नसतो. आज सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्ही ते वाक्य दुरुस्त करून नोंदवू इच्छितो. दप्तर गहाळ झाले नाही. ते आम्ही घालविले. स्थलांतराचा त्यात दोष नाही, आमच्या मुलाचा नाही, रद्दीवाल्याचा तर नाहीच. दोष खोक्यावरच्या दोन शब्दांचा, आणि ते ज्या हाताने लिहिले त्या हाताचा.

काय गेले, ते जेवढे आठवते तेवढे सांगतो, कारण आता ते आमच्या आठवणीखेरीज कोठेही नाही. पहिल्या सभेचे इतिवृत्त होते. ती सभा एका सभासदाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झाली होती. उपस्थिती अकरा, आणि खाली नोंद होती की चहा दोघांना पुरला नाही. पहिल्या वर्षअखेरची शिल्लक रुपये १७ व पैसे ४० अशी होती. गणेशोत्सवातील नाटकांची हस्तलिखित पत्रके होती. एका वर्षी नाटकात स्त्रीपात्रास कोणी मिळेना, तेव्हा कार्यवाहांच्या पत्नीने आयत्या वेळी भूमिका केल्याबद्दल आभाराचा ठराव होता. मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग सुरू केला त्याची हजेरी होती. त्या हजेरीतील काही नावे आज या सभागृहात नातवंडांसह बसलेली आहेत. आणि सुमारे ऐंशी छायाचित्रे होती. इतकेच आम्हांस आठवते. आमचे वय आता सत्तावन्न आहे; यापुढे यात भर पडण्याचा संभव नाही, घट होण्याचा आहे.

स्मरणिका समितीने गेले वर्षभर जुन्या सभासदांना पत्रे लिहिली. जे पुण्यास, नागपुरास, इंदूरला परतले त्यांनी मोठ्या आस्थेने आपापल्या संग्रहातील छायाचित्रे पाठविली. या अंकात आपण ती पाहालच. त्यांतील बऱ्याच छायाचित्रांखाली केवळ ‘मंडळाचा एक कार्यक्रम’ असे छापावे लागले आहे. कारण त्यांच्या पाठीवर काही लिहिलेले नाही. एका छायाचित्रात पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ पगडी घालून बसले आहेत. सर्व जण त्यांच्याकडे आदराने पाहात आहेत. ते कोण, हे समितीतील एकासही सांगता आले नाही. ज्यांनी ते छायाचित्र जपून ठेवले त्यांना ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ते लिहून ठेवले नाही.

आता आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली : आज घरी गेल्यावर आपल्या संग्रहातील छायाचित्रांच्या पाठीवर, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने नावे, ठिकाण आणि साल लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याचे वळ पुढच्या बाजूस उमटतात. चिकटपट्टीही लावू नये. दुसरी : येत्या महिन्यात एका रविवारी सर्वांनी आपापली जुनी छायाचित्रे घेऊन यावीत आणि आपल्यातील ज्येष्ठांनी, विशेषतः ज्येष्ठ भगिनींनी, त्यांतील चेहरे ओळखून द्यावेत. पुरुष मंडळींना कार्यक्रम आठवतात. माणसे स्त्रियांना आठवतात, असा आमचा अनुभव आहे. तिसरी : मंडळाच्या दप्तराची यादी दोन प्रतींत असावी, एक कार्यवाहांकडे व दुसरी अध्यक्षांकडे, आणि कार्यवाह बदलताना दोघांनी पेटी उघडून यादीशी ताडून पाहिल्यावाचून सही करू नये.

आपल्यापैकी अनेकांचे आता शेवटचे बिऱ्हाड हलविण्याचे दिवस आले आहेत. आमचेही आले आहेत. कोणी सरकारी जागा सोडून येथेच सदनिकेत राहतील, कोणी गावाकडे जातील, कोणी मुलांकडे परदेशी. त्या वेळी घरात एक खोके असे निघेल की जे टाकवणार नाही व ठेवण्यास जागाही नसेल. आईची पत्रे असतील, वडिलांची रोजनिशी असेल, लग्नातली याद असेल. ते ठेवावे की नाही, हे आपले आपण ठरवावे. पण ठेवावयाचे ठरविले तर त्यावर ‘जुने कागद’ असे लिहू नये. आत काय आहे, कोणाचे आहे आणि का ठेवले आहे, हे तीन ओळींत लिहावे. आणि घरातील तरुणांना ज्या भाषेत वाचता येते त्या भाषेतही लिहावे.

मंडळासाठी आम्ही स्वखर्चाने एक नवी लोखंडी पेटी करून आणली आहे. ती व्यासपीठाच्या डाव्या बाजूस ठेवली आहे. तीत २०१८ पासूनची इतिवृत्ते, हिशेब आणि या सुवर्णमहोत्सवासाठी जमलेली सर्व छायाचित्रे आहेत. तिच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली नाही. तेलरंगाने लिहून घेतले आहे, मराठीत आणि हिंदीत. रंगाऱ्याच्या शेजारी उभे राहून अक्षरे तपासण्याचे काम चिरंजिवांनी केले. तो मजकूर वाचून दाखवितो आणि आपली रजा घेतो.

‘ही पेटी मंडळाची आहे, कार्यवाहाची नाही. हिच्यात मंडळाची इतिवृत्ते, हिशेब व छायाचित्रे आहेत. यादी आत झाकणाला लावली आहे. पहिल्या चौदा वर्षांचे कागद हिच्यात नाहीत. ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी येथे आणून ठेवावे. फेकू नये.’